‘सकाळी बघू’ म्हणण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला आज विषय दिला आहे, ‘तातडीने दवाखान्यात केव्हा न्यावे?’ काहींच्या मनात आलं असेल की आनंदाच्या प्रसंगी हा कुठला विषय काढला. आणि काढलाच, तर डॉक्टर सोडून बँकेतल्या रिटायर्ड माणसाला कशाला उभं केलं? दोन्ही शंका रास्त आहेत.

दुसरीचं उत्तर आधी देतो. दवाखान्यात पोचल्यावर काय करायचं ते डॉक्टरांना कळतं. पण दवाखान्यात जायचं की नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत. ते आपण ठरवतो, रात्री दोन वाजता, पलंगाच्या काठावर बसून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. म्हणून त्या काठावर बसणाऱ्यांपैकीच कोणी चार शब्द बोलला तर चालेल. मी सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून, वाचून, ताडून घेतलेलं आहे. ताळा जुळल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, ही नोकरीतली सवय अजून सुटलेली नाही.

पहिल्या शंकेचं उत्तर आपल्या सर्वांसमोर आहे. आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीत होतो. आज तेच सभासद पासष्ट, सत्तर, पंचाहत्तरचे आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कोणाची अमेरिकेत. संध्याकाळी दिवे लागले की बऱ्याच दारांमागे दोनच माणसं असतात, काही दारांमागे एकच. वार्षिक सभेच्या सुरुवातीला आपण दिवंगत सभासदांची नावं वाचून दोन मिनिटं उभे राहतो. त्यातली काही नावं ऐकताना दर वेळी वाटतं, हा माणूस घरून दोन तास आधी निघाला असता, तर कदाचित आज पहिल्या रांगेत बसून मला ‘आवरा आता’ अशी खूण करत असता.

खरं तर आपण वर्धेकर या बाबतीत भाग्यवान. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय शहरापासून आठेक किलोमीटरवर. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. दुसऱ्या बाजूला सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, तेही वैद्यकीय महाविद्यालयाचं. शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहेच. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या माणसाला मोठा दवाखाना गाठायला अर्धा दिवस लागू शकतो. आपल्याला अर्धा तासही लागत नाही. तरी आपला पेशंट उशिरा पोचतो. कारण आपला वेळ रस्त्यात जात नाही जी, घरात जातो.

कसा जातो, त्याचा हिशेब मांडून बघा. रात्री दोनला यजमानांच्या छातीत दाटून येतं. पहिला अर्धा तास गॅसच्या खात्यात. इनो, ओवा, हिंग, कोमट पाणी. पुढचा अर्धा तास पाठ चोळण्यात. मग पुण्याच्या मुलाला फोन. तो झोपेतून उठतो, घाबरतो, त्याच्या डॉक्टर मित्राला उठवतो. यजमान म्हणतात, ‘काही नाही जी, उगाच पोराला जागवलं, सकाळी बघू.’ सकाळी सात वाजतात. फॅमिली डॉक्टर दहाला बसतात. साडेदहाला यजमान स्वतः स्कूटरला किक मारतात! आठ तास खर्च झाले आणि दवाखान्याचा रस्ता निघाला पंधरा मिनिटांचा. हे चित्र कोणा एका घराचं नाही. थोड्याफार फरकाने सगळ्यांच्याच घरचं आहे.

आता लक्षणांकडे येतो.

हृदयाचा झटका सिनेमातल्यासारखा येईलच असं नाही. अनेकदा तो दुखण्यापेक्षा दाबासारखा वाटतो. छातीच्या मधोमध कोणी पाटा ठेवल्यासारखं जड होतं. ते डाव्या हातात, खांद्यात, पाठीत, जबड्यात जातं. सोबत थंड घाम, धाप, मळमळ. दहा-पंधरा मिनिटं बसून राहूनही कमी झालं नाही, तर ते गॅस आहे की आणखी काही, याची चर्चा थांबवा आणि निघा. मधुमेह असलेल्यांत, वयस्करांत आणि बायकांत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसती धाप लागते, भयंकर थकवा येतो, पोटाच्या वरच्या भागात दुखतं. आणि आपल्या घरच्या बायका! घामाने डबडबल्या तरी म्हणतील, ‘कुकर तेवढा उतरवते, मग पडते जरा.’ माता-भगिनींनो, हात जोडून सांगतो, कुकर आम्ही उतरवू. शिट्ट्या मोजता येतात आम्हाला.

अशा वेळी माणसाला चालवू नका, जिना उतरवू नका, गाडी चालवू देऊ नका. मागे टेकून बसवा. ॲस्पिरिनची गोळी चावून खाल्ल्याने फायदा होतो हे खरं आहे, पण ती फोनवर डॉक्टरांना विचारून द्या. ॲलर्जी, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव असेल तर देऊ नये. शेजाऱ्याच्या डब्यातली जिभेखाली ठेवायची गोळी आपल्या माणसाला देऊ नका, तिने बीपी एकदम खाली जाऊ शकतं. हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याचे उपचार आज आहेत, पण पहिल्या काही तासांतच त्यांचा खरा उपयोग होतो. दर तासागणिक हृदयाचा थोडा स्नायू मरतो आणि मेलेला स्नायू परत मिळत नाही.

दुसरा आजार लकवा, म्हणजे पक्षाघात. याच्या चार खुणा मुलांनीही पाठ कराव्यात. तोंड, हात, बोलणं, घड्याळ. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली घसरतो का? नाव विचारा, जीभ अडखळते का, शब्द भलतेच येतात का? यातलं एक जरी दिसलं, तरी घड्याळात बघा आणि निघा. एकाएकी तोल जाणं, एकाएकी दिसेनासं होणं, आजवर कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, याही त्याच जातीच्या खुणा.

घड्याळ का? मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि त्याआधी सीटी स्कॅन करून गुठळी आहे की रक्तस्राव, हे बघावं लागतं. म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला?’ आपल्याच एका इमारतीत सहावीतल्या नातीने आजोबांची जीभ जड झालेली पाहिली, आणि मोठी माणसं लिंबूपाणी करत असताना तिने वहीच्या कोपऱ्यावर वेळ लिहून ठेवली, सात वाजून दहा मिनिटं. आजोबा आज काठी न घेता फिरतात, समोर बसले आहेत. नाव सांगत नाही, दोघंही लाजतील.

लकव्यात तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. इथे आपल्या मनाने ॲस्पिरिनही नको, कारण रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल. मालिश, झाडपाला, अमक्या गावचा औषधवाला, यांत पहिले तास घालवू नका. आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरी त्याच दिवशी दाखवा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

याच गावातलं एक उदाहरण सांगतो. जमनालाल बजाज, ज्यांच्यामुळे गांधीजी वर्ध्याला आले, ते ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच अकस्मात गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय अवघं ५२. गांधीजींना सेवाग्रामहून धावत यावं लागलं. तेव्हा सीटी स्कॅन जगातच नव्हता. जमनालालजींसारख्या माणसाच्या वाट्याला जी सोय आली नाही, ती आज आपल्या दाराशी आहे. ती असून आपण पाठ चोळत बसायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

गांधीजींचा स्वतःचा रक्तदाबही बराच चढत असे. त्यांच्या आरोग्याच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींत ऑक्टोबर १९३७ मध्ये १९४/१३० आणि फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११० असे आकडे आहेत. मिताहारी, रोज मैलोन् मैल चालणारा माणूस! तेव्हा ‘मला काय धाड भरली आहे’ म्हणून बीपी न मोजणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. बीपी वाढल्याचं बहुधा काही जाणवत नाही, ते मोजल्यावरच कळतं.

गांधीजींचीच आणखी एक गोष्ट, पोटदुखीसाठी. जानेवारी १९२४ मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात होते. पोटात दुखू लागलं, ॲपेंडिक्सचं निदान झालं, पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. मातीच्या पट्ट्या आणि पाण्याच्या उपचारांवर विश्वास असलेल्या गांधीजींनी संमतीपत्रावर सही केली. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा पुढेही कायम राहिली, पण त्या रात्री सर्जन लागतो हे त्यांनी मान्य केलं. आपल्या घरगुती औषधांचंही तसंच असावं. ती वाईट नाहीत, फक्त त्यांची वेळ कोणती नाही, हे कळलं पाहिजे.

बेंबीजवळ सुरू होऊन खाली उजवीकडे सरकणारं, तासातासाला वाढणारं दुखणं. पोट फळीसारखं कडक होणं. उलट्या होताहेत आणि शौच-वारा दोन्ही बंद. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. यात एरंडेल नको, शेक नको, खाणं नको. सरळ दवाखाना.

आता आपल्या हक्काचा आजार, ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणं आपल्याला नवं नाही. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, घरात कूलर आणि माठ, आंब्याचं पन्हं, हे सगळं ऊन लागू नये म्हणून उत्तम. पण ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या द्यायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. ताप १०४ च्या पुढे गेलेला असतो. घाम असेलही किंवा नसेलही, त्यावर जाऊ नका. इथे तापाची गोळी काम करत नाही. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत माणसाला सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. वॉचमन, भाजीवाली, बांधकामावरचे मजूर, उन्हात तेच असतात. हे त्यांच्यासाठीही लक्षात ठेवा.

आपल्या सोसायटीच्या मागे अजून शेतं आहेत, आणि निम्म्या सभासदांची गावाकडे शेती आहे. म्हणून सापाबद्दल. नाग, घोणस, फुरसं चावलं की सहसा कळतं. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी माणूस पोट दुखतं म्हणतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला असं झालं, तर मण्यारीची शंका घ्या. करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, विष चोखणं, यातलं काही करू नका. चावलेला हात-पाय हलू न देता दवाखान्यात न्या. सरकारी रुग्णालयात सर्पविषावरची लस मोफत मिळते. फवारणी करून आलेल्या माणसाला लाळ, घाम, उलट्या, अंधुक दिसणं, धाप सुरू झाली, तर कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन निघा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्याला एकदम घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ झाला, तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर लगेच साखर-पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना. लहान बाळ दूध ओढत नाही, गुंगीत आहे, फिट आली, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, तर सकाळची वाट नाही. गर्भवतीला रक्तस्राव, डोळ्यांपुढे अंधारी, असह्य डोकेदुखी, झटके, किंवा बाळाची हालचाल कमी, तर तिचीही नाही.

आणि माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वासही नीट चालू नसेल, तर १०८ लावायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करावी. जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. फोन मोफत, गाडी मोफत, गाडीत डॉक्टर. फोनवर आधी पत्ता सांगा, ओळखीची खूण सांगा, मग लक्षण. रडणं नंतर. गाडीला फार उशीर होणार असं कळलं, तर शेजाऱ्याची कार काढा, पण पेशंटसोबत मागे एक माणूस बसलाच पाहिजे.

काही घरांत पाय पैशापाशी अडतो. त्याबद्दल बँकवाल्याने बोललंच पाहिजे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, कायदेशीर सोपस्कार नंतर. सत्तर आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं. ज्यांनी अजून काढलं नाही, त्यांनी येत्या रविवारी माझ्याकडे आधार कार्ड घेऊन यावं. फॉर्म भरण्याचा मला अनुभव आहे!

आता कार्यकारिणीपुढे पाच सूचना ठेवतो. एक, आपल्या इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून पेशंट चालत उतरता कामा नये. प्रत्येक इमारतीत खाली एक मजबूत, हातांची खुर्ची ठेवा आणि चार तरुणांनी ती जिन्यावरून उतरवण्याचा सराव करावा. दोन, फाटकासमोर कोणाचीही कार रात्री उभी राहणार नाही. तीन, प्रत्येक घराच्या फ्रिजवर एक कागद लावा. नाव, वय, आजार, चालू गोळ्या, ॲलर्जी, मुलांचे नंबर. चार, एकटे राहणाऱ्यांची एक किल्ली शेजारी असावी. पाच, छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण सोसायटीत घ्यावं, आणि त्याला वॉचमनलाही बसवावं, रात्री जागा तोच असतो.

आणि एक सूचना घरोघरच्या मुलांना, जी बाहेरगावी आहेत आणि हा अंक नंतर वाचतील. बाबांचा रात्री फोन आला तर ‘कसं वाटतंय, बघा थोडं’ म्हणू नका. ‘फोन ठेवतो, आधी १०८ लावा आणि शेजारच्या काकांना उठवा’ एवढंच म्हणा.

लोक मला विचारतात, ‘आणि गॅसच निघाला तर?’ तर उत्तम! तपासणी होईल, घरी याल, मंडळी दोन दिवस चिडवतील. बँकेत नोट संशयास्पद वाटली तर आम्ही ती बाजूला काढून तपासत असू. खरी निघाली म्हणून कोणी कॅशियरला हसलं नाही. दहा वेळा गॅस निघाला तरी चालेल, अकराव्या वेळी आपण घरात बसलेले नसू.

पुढच्या पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव आहे. माझा तिथे येण्याचा आग्रह नाही, पण तुम्ही सगळे या. रात्री कोणाचंही दार वाजवावं लागलं, तर संकोच करू नका. माझंही वाजवा, मला तशीही झोप कमीच लागते.